पडद्यावर चार डिग्री

३ मार्च, केज
तापमान मोजायच्या माझ्या डब्यावर लिनक्स चढलं एकदाचं! चिप साधी, मेमरीची राखण करणारं एमएमयू त्यात नाही. म्हणजे एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याच्या मेमरीत लिहिलं तर अडवणारं कुणी नाही. सगळी भिस्त माझ्या कोडवर.

६ मार्च
माहेरी बायकांच्या दूध गटात डबा बसवला. दुधाच्या कूलरचं तापमान पडद्यावर, वाढलं की सगळ्यांना मेसेज. कूलर शोभाकाकू सांभाळतात, रोज थर्मामीटर बुडवून बघायच्या. मीच म्हणाले, "काकू, आता त्याची गरज न्हाई."

१९ मार्च
सगळं दूध नासलं. कूलर बंद, पडद्यावर मात्र चार डिग्री. अध्यक्ष मंदाताईंचा फोन: "मशीन कशाला खोटं बोलंल? शोभानंच बटन बंद केलं आसंल." त्यांनी काकूंकडून कूलरच्या खोलीची चावी काढून घेतली. मी नुसतं हं हं केलं.

२० मार्च
मिस्त्री म्हणतो, कूलरची वायर जळालती. मग मेसेज का गेला नाही? डबा केजला आणलाय. दिवसभर बसले, काही सापडेना.

२१ मार्च
सापडलं. मेसेजच्या यादीत मी चाळीस नंबरांचीच जागा ठेवलेली. १८ तारखेला गटात एकेचाळिसावी बाई आली. तिचा नंबर यादीबाहेर, थेट तापमानाच्या प्रोग्रॅमच्या मेमरीत लिहिला गेला. तो अडकला, पडदा जुनाच आकडा दाखवत राहिला. चिप अशीच असते, माहीत होतं मला. चूक माझीच. आणि बोलणी काकूंनी खाल्ली.

२३ मार्च
एसटीनं गावी. गटासमोर सगळं सांगितलं. मंदाताईंनी कूलरच्या खोलीची चावी हातात घेतली. मग, "शोभाला आमी काय काय बोललो गं..."
मी अन् मंदाताई काकूंच्या घरी गेलो. काकू शेळीला पाला टाकत होत्या.
"काकू, चुकलं माझं."
"तू येऊन सांगितलंस, लई झालं. पर मंदे, तू मला इचारलं बी न्हाईस."
मंदाताईंनी चावी पुढं केली. काकूंनी हात पुढं केला नाही.

२६ मार्च
यादी दुरुस्त. तापमानाचा प्रोग्रॅम अडकला तर पडदा कोरा होईल आणि भोंगा वाजेल. पंचेचाळीस नंबर टाकून पाहिले. मंदाताई म्हणतात, डबा परत बसवायचा का ते शोभाच ठरवंल. काकूंना फोन केला.
"काम परत धरताय ना, काकू?"
"ते बगू. तू आदी ये, अन् ह्ये कुठं कुठं चुकतं ते मला समदं दाखव."
उद्या पहिल्या गाडीनं निघते.