कृष्णाआजोबांचा शोध, माझ्या पद्धतीने

३ जानेवारी
आजपासून संशोधन. सकाळी नागपूरहून सीमाआत्याचा फोन. बाबांची चुलत बहीण, ऐंशीची. तिचे वडील, म्हणजे आमचे कृष्णाआजोबा, १९४८ साली इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेत ॲन आर्बरला गेले ते परत आलेच नाहीत. पुढे पत्रंही थांबली. आत्या तेव्हा दोन वर्षांची. अमेरिकेच्या १९५०च्या जनगणनेचे कागद आता ऑनलाइन बघता येतात, हे दिवाळीत मीच तिला सांगून बसलो. तिला एकच बघायचंय: लग्न झालंय का, या प्रश्नाला त्यांनी काय उत्तर दिलं. ‘झालंय’ म्हणूनच दिलं असणार. पण तिला कागद हवाय. दोन आठवडे पुरेत.

४ जानेवारी
एक्सेल शीट तयार. चौदा रकाने, सगळे रंगीत. आजोबा सापडायचेत, पण शीट देखणी झालीये. नेत्रा म्हणाली, नाव टाकून सर्च कर ना सरळ. बायकोला संशोधन म्हणजे पनीरची रेसिपी शोधणं वाटतं. मी पानन्‌पान वाचणार.

१९ जानेवारी
प्रोफेसर लोक राहायचे त्या तीन रस्त्यांची पानं वाचून संपली. आजोबा अशाच ठिकाणी सापडणार. आमच्या घराण्यात साध्या वस्तीत कुणी राहिलेलं नाही. (इथे अमेरिकेत हर्नडनचं आमचं हे टाउनहाउस तात्पुरतं आहे. अकरा वर्षं झाली.)

१ फेब्रुवारी
आत्याचा फोन. काम जवळजवळ झालंय म्हणालो. जवळजवळ म्हणजे किती रे, असं विचारलंन. आवाज तुटतोय म्हणून फोन ठेवला.
फॅमिली ग्रुपवर पोस्ट टाकली: ‘अमेरिकेतले आपले पहिले इंजिनिअर.’ सदतीस हार्ट. पुरावा मागाहून जोडता येईल.

१४ फेब्रुवारी
ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज. पानं: शून्य. चिंतन मात्र चालू.

१५ फेब्रुवारी
आमच्या लेकीने, आन्याने, नाव टाकून सर्च केलं. वय वर्षं पंधरा. वेळ चार मिनिटं.
कृष्णाजी वझलवार. रेल्वे स्टेशनजवळ एका बाईचं घर, त्यात अकरा भाडेकरू. वय २९. जन्म भारतात. काम: हॉटेलच्या किचनमध्ये भांडी धुणं. लग्न: कधीच नाही.
डॅड, दॅट्स हिम, राइट? मी म्हणालो, दुसरा कुणी असेल. नेत्रा म्हणाली, हो, ॲन आर्बरमध्ये तेव्हा वझलवारांची रांगच लागली होती.

१६ फेब्रुवारी
उलगडा झाला! मोजणीवाली आली तेव्हा आजोबा कामावर होते. घरमालकिणीने परस्पर ठोकून दिलं. नेत्रा विचारते, मग वय बरोबर कसं सांगितलं तिने? नेत्राला असले प्रश्न सुचतात.
निर्णय: आत्याला ‘विवाहित’ सांगायचं. हे खोटं नाही. दुरुस्ती आहे.

२२ फेब्रुवारी, सकाळी ९
वाक्य तीनदा पाठ करून फोन केला. आत्या, लग्न झालंय असंच लिहिलंय, म्हणालो. ती म्हणाली, कागद पाठव. स्कॅन फार पुसट आहे म्हणालो.
अरे श्रीरंगा, म्हणाली, आन्याने सोमवारीच पाठवलाय. स्वच्छ दिसतोय की.
तासभर व्हिडिओवर बसून एकेक रकाना समजावला म्हणे पोरीने, तिच्या त्या मराठीत. भांडी घासत होते रे, म्हणाली आत्या, आणि घरी स्वतःचं ताट उचलायचे नाहीत, आई सांगायची. खूप हसली. मग हसायची थांबली.
आन्याने तिला विचारलं होतं, आजी, आर यू सॅड? एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, म्हणाली.
मी विचारायच्या बेतातच होतो. पण तेवढ्यात तीच म्हणाली, ते पुढे कुठे गेले तेही शोधायचंय. तू नको त्रास घेऊस, आन्या बघतेय. दे तिला.
आन्या फोन घेऊन खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी बाहेर उभा राहिलो. आत्या मोठ्याने बोलते, त्यामुळे बरंच ऐकू आलं. माझं नाव काही आलं नाही.