ब्लेडला तेल घालायचं कोणी?

मुलुंड पूर्व,
रविवार दुपार

ती. अनंतादादास,

सगुणाचा वाकून नमस्कार. (मनातल्या मनात वाकून. कंबर धरलीय.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनी तुला माडीवर चढू देत नाही म्हणे, बरंच करते. परवा फोनवर तू विचारलंस, "पार्लर कसं चाललंय गं?" आणि मी "झकास" म्हणून फोन ठेवला. ते खोटं होतं. म्हणून हे पत्र.

कल्पिताच्या कुत्र्यांच्या पार्लरात मी नऊ वर्षं केस कापते, हे तुला ठाऊकच आहे. (गावात तू नुसतं "पार्लर" सांगतोस आणि कुत्री गाळतोस, हेही मला ठाऊक आहे.) गणपतीनंतर कल्पिताने चैतन्य नावाचा एक कलाकार आणला. तीन आठवड्यांचा कोर्स केलेला. त्याचं सर्टिफिकेट टांगायला भिंतीवरचा माझा आणि कल्पिताचा फोटो उतरवला. मग मला म्हणाली, "सगुणा, तू आता काउंटरवर बस, फोन घे. आणि ब्लेडचं तेवढं बघत जा."

ब्लेडचं तेवढं! अरे दादा, मशीनच्या ब्लेडला दोन पट्ट्या असतात, एक स्थिर आणि दुसरी तिच्यावर घासत पळते. मधले केस ब्रशने काढायचे, मशीन चालू ठेवून दातांवर तेलाचे थेंब सोडायचे, जास्तीचं पुसायचं, आणि कातरताना मधूनमधून ब्लेड मनगटाला लावून बघायचं. तेल नसलं की पाच मिनिटांत तवा होतो. हे सगळं कोणाला दिसत नाही. दिसतो तो शेवटी बांधलेला बो.

मंगळवारी रोशनीबेनचा कॅप्टन आला. ल्हासा जातीचा लांब केसांचा कुत्रा, तेरा वर्षांचा, तोंडात दोनच दात, आणि तेही तो माणूस बघून वापरतो. मला कधी चावला नाही. मी म्हटलं, याला मी घेते. कल्पिता म्हणाली, "चैतन्यला शिकू दे ना यार." मी फोनवर एका बाईला नखं कापायची वेळ देत होते, तेवढ्यात आतून कॅप्टन असा ओरडला की बाई म्हणाली, कोणाची नखं कापताय? धावले. कॅप्टन अर्धा भादरलेला, पोटावर तळहाताएवढा लाल चट्टा, आणि चैतन्यच्या अंगठ्यात ते दोन दात. रोशनीबेन खुर्चीत बसून रडायला लागल्या.

कल्पिताने विचारलं, "ब्लेडला तेल नव्हतं?"

मी म्हटलं, "मी घालूनच ठेवलं होतं. यानेच थंड करायचा स्प्रे मारून धुऊन टाकलं असणार. मनगटाला तरी लावून बघितलं का, विचार त्याला."

चैतन्य म्हणाला, "नाही बघितलं, ताई. माझ्याकडूनच झालं असेल." संध्याकाळी तो सर्टिफिकेट काखेत मारून गेला. कल्पिताने मला मिठी मारली, म्हणाली तूच खरी. आता टेबल पुन्हा माझं आहे. झाली एकदाची वाट त्या कोर्सवाल्याची.

तुझी,
सगुणा

ता. क. मंगळवारी मी ब्लेडला तेल घातलंच नव्हतं. विसरले नव्हते. एकदा कळू दे म्हटलं यांना. कॅप्टन त्या दिवशी येणार हे मला माहीत नव्हतं, पण कोणीतरी येणारच होतं ना रे.

ता. क. २. रोज मलम लावायला रोशनीबेनकडे जाते. त्या मला चहा देतात आणि चैतन्यला शिव्या देतात. मी दोन्ही घेते. तू कल्पिताला फोन करून खरं सांगशील का? तू मोठा, तुझं ती ऐकून घेईल. नंबर मागे लिहिलाय.

ता. क. ३. नको करूस. उद्या मीच सांगते. पण हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत माझा फोन आला नसेल, तर मी सांगितलेलं नाही असं समज, आणि कर.