मड्डमची काळी टोपी

हिंजवडी,
सोमवार

प्रिय विजू,

तू फोन आपटलास आणि मी रिसीव्हर कानाला लावून तसाच बसून राहिलो. तुझ्या कौशल्यावहिनीने विचारलं, झालं का बोलणं? मी म्हटलं, झालं. आता फोनवर जे तोंडातून बाहेर पडत नाही ते कागदावर तरी उतरतंय का बघतो. वयाने लहान असून शाळेत माझे निबंध तूच लिहून द्यायचीस, तेव्हा चुका काढत बसू नकोस, एका दमात वाच. शेफालीचं लग्न चार दिवसांवर आलेलं असताना मामानेच पाय मागे घ्यावा, हे कुणालाही लागेल. तुझा राग मला कळतो.

आधी त्या फोटोचं. जेजुरीहून परतताना दिवे घाटात काढलेला शेफालीचा फोटो तू मोठा करून बाहेरच्या खोलीत लावलायस, असं कौशल्या सांगत होती. पोरगी मड्डमच्या बॉनेटला टेकून उभी, ओढणी वाऱ्यावर, मागे खाली मस्तानी तलाव. येईल त्याला तू म्हणतेस, फोटो झकास आहे, फक्त मामाचा हात हलला. पिंपरीच्या कारखान्यात सगळा जन्म मापं तपासण्यात गेला आणि गड्याला एक फोटो धड काढता येईना. म्हण बाई. फोटो मीच काढला आणि माझा हात हलला, दोन्ही खरं आहे.

विजू, मला भीती वाटते. साठीच्या माणसाने हे वाक्य धाकट्या बहिणीला लिहायचं म्हणजे अवघडच, पण लिहून टाकलं. लग्न लागल्यावर नव्या जोडप्याला मड्डममधून खंडोबाला न्यायचं आणि तोच घाट उतरून परत आणायचं, हे नुसतं मनात आलं तरी रात्री उठून बसतो. जेवताना घास हातात राहतो. घाटातून आल्यापासून मी मड्डमच्या ब्रेकवर पाय ठेवलेला नाही, आणि जिन्यावरून उतरताना देखील कठड्याला धरून उतरतो. कौशल्याला वाटतं गुडघे गेले.

तू म्हणालीस, आबा असते तर दादाची ही हिंमत झाली नसती. खरंच नसती झाली. आयटी पार्कात जमीन गेली तेव्हा गावात प्रत्येकाच्या दारात नवी कोरी गाडी आली आणि आपल्या आबांनी कॅम्पातल्या एका पारशी म्हाताऱ्याकडून ही छप्पन सालची अमेरिकन हत्तीण आणली. तिचं खरं नाव गावात कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून ती मड्डम. लोक हसले. आबा म्हणाले, हसू द्यात. माझ्या विजूला मी कांद्याच्या टेम्पोतनं सासरी धाडली, तवा कोन हसलं नव्हतं, मीच रडलो व्हतो. नातीला मड्डममधनं धाडीन, आन् खंडोबाला बी हिच्यातच नेईन. शेफाली तेव्हा शाळेत होती. आबांनी हे इतक्यांदा सांगितलं की पोरीने ते शब्द धरून ठेवले, आणि तूही धरलेस. आता खराडीत तिच्या कंपनीतल्या मैत्रिणीसुद्धा विचारतात म्हणे, मड्डम कधी येणार. आबा गेले, शब्द माझ्या गळ्यात राहिला.

आणि मी टाळाटाळ केली असं निदान तू तरी म्हणू नकोस. लग्न ठरलं त्या दिवसापासून मी तिच्या मागे आहे. त्या गाडीचा मूळ सुटा भाग आता तिकडे अमेरिकेतसुद्धा शोधून काढावा लागतो, इथे कुठला मिळायला? मग दुसऱ्या कशाचं काय बसतं ते बघायचं. जुन्या बाजारात बुधवारी जायचं, रविवारी पुन्हा जायचं, नाना पेठेत दुकानोदुकानी फिरायचं, खिशात जुना भाग आणि हातात माप. फॅनचा पट्टा पिठाच्या गिरणीचा बसला. रेडिएटरची नळी ट्रकची. मागचे दिवे कुठल्याशा टॅक्सीचे, आणि तुला सांगतो, मागच्या दाराची मूठ चक्क लाकडी कपाटाची आहे, नवऱ्यामुलाच्या बाजूला ती येऊ नये म्हणून मी बसायची जागासुद्धा ठरवून ठेवली होती. आपला मिस्त्री उत्तरेश्वर, तो लातूरकडचा, प्रत्येक वेळी टाळी वाजवून म्हणायचा, बसलं की ओ मालक! मलाही मजा येत होती. सगळ्या गाडीत एकच वस्तू अशी निघाली की तिच्या जागी दुसरं काहीच बसेना, ती म्हणजे इंजिनाला ठिणगी वाटून देणारी काळी टोपी. वाटीएवढी. ती तडकली होती. शेवटी त्या पारशी म्हाताऱ्याच्या लेकीने गॅरेजातली जुनी पेटी उघडून एक काढून दिली आणि म्हणाली, संभालजो, आता देवाकडे पण दुसरी नाय. टोपी बसवली आणि मड्डम पहिल्या फटक्यात सुरू झाली. मी आणि उत्तरेश्वर लहान पोरांसारखे नाचलो.

राहिला ब्रेक. पायाखाली जो ब्रेकचा पंप असतो तो गळत होता. उत्तरेश्वरने जीपचा आणला. भोकं जुळली, नळ्या जुळल्या, पाय ठेवला की गाडी जागच्या जागी उभी. मी माप घेतलं होतं, आतून तो किंचित लहान होता. कारखान्यात असतो तर असा माल मी परत पाठवला असता. पण एवढं सगळं बसलं होतं, आणखी एक बसायला काय हरकत, असं मलाही वाटलं. जीप केवढी आणि मड्डम केवढी हा हिशेब मी केला नाही. बसतं म्हणजे चालतं, हे आम्ही दोघं धरूनच चाललो.

पहिली पत्रिका खंडोबाला द्यायची म्हणून आम्ही तिघं जेजुरीला गेलो, हे तुला माहीतच आहे. तूच शेफालीला पाठवलं होतंस, म्हणालीस मामाबरोबर जातेय, मला काळजी नाही. जाताना मड्डम काय देखणी चालली! सासवडला लोक वळून बघत होते. येताना गाडी तापली म्हणून मी दोघींना एसटीत बसवून पुढे पाठवलं, एवढंच तुझ्या कानावर आलंय. कौशल्यालाही तेवढंच माहीत आहे. मी गाडी नंतर दोर बांधून आणवली. उत्तरेश्वरने ब्रेक दाबून पाहिला आणि म्हणाला, कशाला घाबरायलाव मालक, फक्कड लागतोय की! गार झाल्यावर लागतच होता. समर्थला मी म्हटलं, ब्रेक जरा सैल वाटतात रे. त्याने ऑइल बदललं, हिंजवडीच्या सपाट रस्त्यावर कंपन्यांच्या बसेसच्या गर्दीतून तिच्या दोन चकरा मारल्या आणि मला म्हणाला, पप्पा, एकदम परफेक्ट आहे, तुम्ही उगाच टेन्शन घेता. मी अर्धंच सांगितलं होतं, त्यामुळे त्याचं तरी काय चुकलं? पुरतं सांगायला गेलो की मी दुसराच विषय काढायचो. पुरतं सांगायचं तर ते आधी तुला सांगायला हवं होतं, आणि तुला सांगायचीच तर सगळ्यात जास्त भीती.

तर ऐक. घाट निम्मा उतरलो होतो. मागच्या सीटवर कौशल्या पेंगत होती, तिच्या खांद्याला टेकून शेफाली, कानात गाणी, डोळे मिटलेले. एका वळणावर मी ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय तळाला गेला. नुसता गेला, विजू, खाली काही नव्हतंच. पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. पुढे उसाचा ट्रक. हातब्रेक ओढला तर करपल्याचा वास तेवढा आला. गिअर खाली ओढला, गाडी किंचाळली, कौशल्या झोपेतच म्हणाली, हळू चालवा की जरा. आरशात शेफालीचा चेहरा दिसत होता. ती गाणं गुणगुणत होती. मला तुझं नाव आठवलं, देवाचं नाही. रस्त्याच्या कामासाठी कडेला खडीचा ढीग टाकलेला होता, त्याच्यापुढे कठडा नव्हता. मी गाडी त्या ढिगात घातली. ती घुसली, हादरली आणि थांबली. शेफालीने डोळे उघडले, कानातलं काढलं, बाहेर बघितलं आणि म्हणाली, मामा, काय भारी जागी थांबलास रे! चल, माझा फोटो काढ. गाडी तापली म्हणत मी उतरलो. तिने कॅमेरा माझ्या हातात दिला.

आता तो फोटो भिंतीवरून खाली उतरव आणि उजेडात धर. शेफालीकडे बघू नकोस, तिच्या पायाशी बघ. मड्डमचं पुढचं चाक अर्धं खडीत गेलेलं दिसेल. त्यानंतर माझा हात का हलला ते मी वेगळं लिहायला नको. समर्थने तुला परस्पर कबूल केलंय की पप्पा नाही म्हणाले तर मी आणतो गाडी, आणि शुक्रवारी पहाटे तो ती फुलांनी सजवून काढणार आहे. त्याला मी अडवू शकेन की नाही याची खात्री नाही. तो चावी मागेल, रुसेल, आईला मध्ये घालेल, आणि आबांच्या शब्दापुढे मी चावी काढून देईन, याची मला धास्ती वाटते. म्हणून आज दुपारी मी बॉनेट उघडून ती काळी टोपी काढली. कौशल्या उद्या चुडा घेऊन येतेय, तिच्या पिशवीत या पत्राबरोबर ओटीच्या खणाखाली ती टोपी फडक्यात बांधलेली आहे. तिला मी मड्डमची प्रसादाची वस्तू म्हणून सांगितलंय. टोपीशिवाय मड्डम सुरू होणार नाही आणि तिच्या जागी पुण्यात दुसरं काही बसत नाही, हे मी स्वतः हिंडून पाहिलंय. ती विहिरीत टाक नाहीतर देव्हाऱ्यात ठेव, तुझी मर्जी, पण समर्थच्या हातात देऊ नकोस, अगदी शेफालीने हट्ट केला तरी. माझ्यावर रागावायचं असेल तर लग्नानंतर जन्मभर राग. मी शुक्रवारी मिळेल त्या टेम्पोत बसून येतो. मामा म्हणून शेफालीला हाताला धरून मांडवात मीच आणीन, आणि तेव्हाही माझा हात हलताना दिसला तर लोकांना काहीही सांग, पण तू हसू नकोस.

तुझाच,
भित्रा मच्छिंद्रदादा