माळ न घातलेल्या स्कूटरचे चलन

प्रति,
मा. तक्रार अधिकारी,
ई-चलन कक्ष क्र. ९, वाहतूक पोलीस,
नवी मुंबई.

विषय: कै. कुंदन शिवराम मढवी यांच्या नावे निघालेले वेगमर्यादेचे चलन रद्द करणेबाबत.

संदर्भ: १) दि. २ ऑक्टोबर २०२५ (दसरा), स. १०.४० चे चलन. २) ऑनलाइन तक्रार फेटाळल्याचा मेसेज, दि. १० ऑक्टोबर.

महोदय,

१. शनिवारी, ४ तारखेच्या दुपारी घर शांत होते, मुलगी झोपली होती. कपाटावरच्या स्टीलच्या डब्यावर ठेवलेला माझ्या पतींचा फोन थरथरला आणि डबा वाजला. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात म्हणून मी तो चार्ज करून ठेवते, एरवी त्यावर आता कोणाचे काही येत नाही. मेसेजनुसार माझ्या पतींनी दसऱ्याच्या सकाळी द्रोणागिरीच्या अलीकडे स्कूटर ताशी ७८ च्या वेगाने चालवली. माझे पती ९ एप्रिल रोजी वारले आहेत.

२. चलनासोबतचा फोटो मी मोठा करून पाहिला. हेल्मेट घातलेला माणूस पाठमोरा आहे. स्कूटर आमच्याच रंगाची. मागच्या दांडीला झेंडूची माळ असून तिच्यातले आंब्याचे पान शेवटच्या आकड्याच्या डाव्या बाजूवर आले आहे. उरलेला आकडा ३ वाटतो. आमचा नंबर ४४७३ आहे. पान उचलले तर तिथे ८ निघेल, असे माझे नम्र म्हणणे आहे. शिवाय आमच्या मडगार्डवर मुलीने चिकटवलेले बदक आहे, फोटोत ते नाही.

३. आपल्या खिडकीवर मी चार वेळा आले. पहिल्यांदा सांगितले, गाडीमालकाने स्वतः यावे. मृत्यूचा दाखला दाखवला तर उत्तर मिळाले, "मॅडम, गाडी तर जिवंत आहे ना? कोण चालवत होतं तेवढं सांगा." कोणीच नाही. गाडी त्या दिवशी अंगणात ताडपत्रीखाली होती. "तुमचे मिस्टर त्याच रस्त्याने कामाला जायचे ना?" हो, जायचे. द्रोणागिरीच्या गोदामात सहा वर्षे. पण म्हणून आता जातात असे होत नाही.

४. बदकाबद्दल सांगितले तर म्हणाले, "स्टिकर काय, काढता येतं." तेव्हा मी माळेचे सांगितले. आमच्या घरी वर्ष पाळणे चालू आहे. वर्षश्राद्धापर्यंत सण नाही, दाराला तोरण नाही, गाडीला माळ नाही. यावर माळ घातली नव्हती याचा पुरावा आणण्यास सांगण्यात आले. न घातलेल्या माळेचा पुरावा कोणत्या कार्यालयात मिळतो, हे मला कोणी सांगू शकले नाही.

५. तरीही आणला आहे. घणसोलीतले आमच्या गल्लीच्या तोंडाचे फुलवाले जोतीराम यांनी पावतीच्या पाठीवर लिहून दिले आहे: "कुंदनशेट दर दसऱ्याला दोन माळा न्यायचे, एक दाराला, एक गाडीला. यंदा वैनी समोरून गेल्या. मी हाक मारली नाही." याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही.

६. "एक हजाराचा तर प्रश्न आहे, लोकअदालतीत कमीत मिटवून टाका," असा सल्ला सगळेच देतात. हजार रुपये मी भरू शकते. पण थकीत चलनामुळे गाडी माझ्या नावावर होत नाही, आणि चलन भरले तर माझ्या पतींनी गाडी जोरात चालवली हे मीच कबूल केल्यासारखे होते. सासूबाई गिरजाबाई तर म्हणतात, "माज्या पोऱ्यानी कंदी कोनाला कट नाय मारला, आन आता मेल्यावर मारंल?" त्यांना मी काय सांगू, की मिटवले?

७. खांदेश्वरच्या एका लॅबमध्ये घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणायचे काम मला मिळाले आहे. गाडी स्वतःच्या नावावर हवी, ही त्यांची अट आहे. १५ नोव्हेंबरपर्यंत कागद दाखवले नाहीत तर जागा दुसऱ्या बाईला जाईल. मुलीला सांभाळून करता येईल असे दुसरे काम मला सापडलेले नाही.

८. तरी शेवटी ८ असलेली गाडी कोणाची, ते कृपया तपासावे व हे चलन रद्द करावे. ते शक्य नसल्यास प्रकरण न्यायालयात पाठवावे. मी हजर राहीन. मुलगी दुपारी झोपते तेवढ्याच वेळात हा अर्ज तीन दिवस लिहिला आहे, म्हणून शाई दोन रंगांची आहे. राग मानू नये.

आपली नम्र व उत्तरासाठी थांबलेली,
सुचिता कुंदन मढवी
घणसोली गाव, दि. २९ ऑक्टोबर २०२५

सोबत: १) मृत्यूचा दाखला २) आर.सी.ची प्रत ३) बदकासह मडगार्डचा फोटो ४) जोतीराम यांची चिठ्ठी ५) चलनावरील फोटो

ता.क. क्र. ५ चा फोटो परत पाठवू नये, तो घरात ठेवता येत नाही. आत्ताच मुलगी मनस्वी झोपेतून उठून माझ्या खांद्यावरून वाकली, पाठमोऱ्या माणसावर बोट ठेवले आणि म्हणाली, "आई, पप्पा कामावर जातायत, मग घरी का नाही येत?"