बाबा बोलले, तेही रशियन

रेडमंड, शनिवार, ११ मार्च २००६, संध्याकाळ

बाबा बोलले. आधी हेच लिहून ठेवते.

आई गेल्यावर त्यांना नागपूरहून इथे अमेरिकेत आणलं, त्याला दोन महिने झाले. "हो" आणि "नको" याशिवाय एक शब्द नाही. आणून चूक केली का, हे रोज डोक्यात. तरुणपणी ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात रशियन इंजिनियरांबरोबर कामाला होते, म्हणून आज दुपारी त्यांना एका रशियन सिनेमाला नेलं. मला वाटलं साधी गोष्ट असेल. निघाले मॉस्कोतले रक्तपिपासू! चांगल्या आणि वाईट शक्तींचा तह, मग तो मोडणं, किंकाळ्या. मीच घाबरले.

"बाबा, उठायचं का?"

"गप बस. खाली इंग्रजीत लिहिलंय ते चूक आहे."

मग सिनेमाभर मला बरोबर काय ते सांगत होते, तेही मोठ्याने. पुढच्या बाई वळल्या. मी सॉरी म्हणणार, तर त्या बाबांशी रशियनमध्येच बोलायला लागल्या. त्याही म्हणाल्या म्हणे, चूकच आहे!

परतताना गाडीत बाबा आपणहून म्हणाले, "लग्नानंतर तुझ्या आईला भिलाईहून रशियनमध्ये पत्रं लिहायचो. तिला वाचता यायची नाहीत, म्हणून सगळं खरं लिहायचो."

"काय लिहायचात?"

ते सांगत राहिले. घर आलं, इंजिन बंद केलं, तरी आम्ही बसूनच. शेवटी ते रडले. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मीही.

आता खालून हाका मारतायत, भूक लागलीय म्हणून. जाते.