कॅमेऱ्यापुढची रिकामी जागा

दादा,

तू उठायची वाट बघून कामावर निघाले. तुझ्या लॅपटॉपचा कॅमेरा बिघडलेला नाही. लिनक्समध्ये lsusb -t ही कमांड देऊन कुठल्या उपकरणाला कुठला ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, लागलाय ते पाहिलं. माऊसपुढे नाव आहे, ब्लूटूथपुढे आहे, कॅमेऱ्यापुढे जागा रिकामी. शोधल्यावर एक फाइल सापडली. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर सुरूच करायचा नाही, असं त्यात तूच लिहून ठेवलंयस. तारीख तुझी नोकरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

आणि आईला दोन महिने सांगतोयस, कॅमेरा गेला म्हणून! तिने तुझ्यासाठी नवा पाठवलाय, दुपारी कुरियर येईल. तोही त्याच ड्रायव्हरवर चालतो, म्हणजे तोही बंदच राहणार. मग कुठली थाप मारशील?

पासवर्ड मला माहीत आहे, तरी ती ओळ मी काढलेली नाही. तुझी तू काढ. तोंड लपवायला तू काही चोरी केलेली नाहीस.

जेवण झाकून ठेवलंय. आई सहाला व्हिडिओ कॉल करेल. त्याआधी दाढी कर, नाहीतर तिला वाटेल नवा कॅमेराही बिघडलाय.