मूळ लेखकाची सही

पुरानी बस्ती, रायपूर
दि. १९ जानेवारी

ती. भार्गवदादा यांच्या चरणी धाकट्या मावसबहिणीचा, म्हणजे चित्राचा, साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे. आठांपैकी जेवढी अंगं वाकली तेवढी मोजून घ्यावीत.) वहिनींचा गुडघा कसा आहे? अभिनवला पुण्याची हवा मानवली का? विभागप्रमुख झाल्यापासून तुमचा रक्तदाब वाढला आहे असं आईला कुठूनसं कळलं. ती म्हणते, मीठ कमी कर म्हणावं अन् मीटिंगाही कमी कर म्हणावं. खरं तर फोनच करणार होते. पण गेल्या आठवड्यात चार वेळा केला तेव्हा तुम्ही मीटिंगमध्येच होतात, आणि माझ्या मेसेजवर निळ्या खुणा उमटल्या त्याचा अर्थ तुम्ही तो वाचलात, असा काही मी घेतलेला नाही. शिवाय मी पत्रांवर संशोधन करणारी बाई. (करणारी म्हणायचं की करणार होती म्हणायचं, हे या महिनाअखेरीस ठरेल. त्यासाठीच हा प्रपंच.)

इकडे सगळं ठीक. आईला ऐकू कमी येतं, पण जे ऐकू नये ते बरोबर येतं. बाकी माझी नोकरी. मी नेमकं काय करते हे आपल्या नातेवाइकांत आजवर कोणालाच सांगता आलेलं नाही. नागपूरच्या प्रत्येक लग्नात माझी ओळख ‘ही रायपूरले कॉलेजात काहीतरी आहे’ अशीच करून देतात, आणि माझ्याकडेही याहून चांगलं वाक्य नाही. रोज स्कूटी काढायची, हमरस्त्यावरच्या ट्रकांमधून जीव मुठीत धरून विद्यापीठ गाठायचं, आणि ‘शोध प्रोत्साहन प्रकोष्ठा’त जाऊन बसायचं. (प्रकोष्ठ म्हणजे खोली. आमची औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेमागे आहे, त्यामुळे इतिहास, साहित्य, समाजशास्त्र, कशालाही फिनेलचाच वास येतो.) तिथे मी प्राध्यापकांना संशोधनासाठी प्रोत्साहन देते, म्हणजे त्यांचे अनुदानाचे अर्ज लिहिते. अर्ज मंजूर झाला की अहवाल लिहिते, अहवालातून लेख काढते, लेखांचं पुस्तक झालं की प्रकाशकाला स्मरणपत्रं लिहिते. पुस्तकात शेवटी आभार असतात, तेही मीच लिहिते. त्यात ‘प्रकोष्ठातील कर्मचारीवर्ग’ एवढाच माझा उल्लेख असतो, कारण स्वतःचं नाव स्वतःच लिहायला मेली लाज वाटते. अकरा वर्षं हे चाललं आहे. दर मार्चमध्ये कंत्राट संपतं, आठ दिवस मी घरी बसून लोणच्याच्या बरण्या पुसते, मग पुन्हा कंत्राट होतं. या अकरा वर्षांत दिल्लीच्या एका संस्थेकडे मी एकतीस अर्ज लिहून पाठवले, त्यांतले एकोणीस मंजूर झाले. लोक म्हणतात माझ्या हाताला गुण आहे. हात माझा आणि गुण दुसऱ्याच्या अंगाला, असं त्यांना म्हणायचं नसतं, पण होतं तसंच.

तर गेल्या ऑगस्टमध्ये मी बत्तिसावा अर्ज लिहिला. माझा स्वतःचा. दोन वर्षांची अध्येतावृत्ती, म्हणजे फेलोशिप, वयाची अट पंचेचाळीस, आणि मला येत्या मार्चमध्ये पंचेचाळीस पूर्ण होतात, म्हणजे ही शेवटची गाडी. त्याच मार्चमध्ये आमचा प्रकोष्ठही बंद होणार आहे. (प्राध्यापक आता अर्ज फोनमधल्या यंत्राकडून लिहून घेतात. यंत्राला कंत्राट लागत नाही आणि त्याची कंबरही धरत नाही.) विषय तुम्हाला माहीत आहेच: लग्न करून रायपुरात आलेल्या मराठी बायकांनी माहेरी लिहिलेली पत्रं. घरोघरच्या ट्रंका उपसून मी दोनशे बारा पत्रं जमवली आहेत. बायका मरतात, सुना ट्रंका रिकाम्या करतात, आणि मी गोल बाजारातल्या रद्दीवाल्याच्या आधी पोचायला धावते. तीन वेळा उशीर झाला. एकदा तर रद्दीवाल्याच्या वजनकाट्यावरून गठ्ठा उचलून आणला, तेव्हा तो मला ‘दीदी, शादी-ब्याह की कोई चिट्ठी खो गई क्या?’ असं फार कळवळ्याने विचारत होता. अर्ज लिहिताना मी तीन दिवस जेवले नाही म्हटलं तरी चालेल. पहिल्यांदाच ‘अर्जदाराचे नाव’ या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि सवय नसल्यामुळे त्यात खाडाखोड झाली.

डिसेंबरात संस्थेचं पत्र आलं. मला वाटलं मंजुरी. आईने देवापुढे साखर ठेवली. पाकीट फोडलं तर आत कारणे दाखवा नोटीस. संस्थेने गेल्या वर्षीपासून चोरी पकडणारं यंत्र घेतलं आहे. नवा अर्ज आला की ते जुन्या सगळ्या मंजूर अर्जांशी ताडून बघतं, आणि जुळेल ते वाक्य लाल करतं. माझा अर्ज त्र्याऐंशी टक्के लाल निघाला. मी अकरा मान्यवर प्राध्यापकांच्या अर्जांतून चोरी केली आहे, असा त्यांचा निष्कर्ष. आमच्या प्रकोष्ठातली देवश्री (घरी मराठी कळते, तोंडातून हिंदीच येतं) तो कागद हातात धरून म्हणाली, “दीदी, आपने तो सबका चुरा लिया!” आणि मग तिलाच कळलं ती काय म्हणाली ते. ते अकराही अर्ज मीच लिहिलेले होते. विषयाचं महत्त्व कसं मांडायचं, पद्धत कशी सांगायची, कोणत्या वाक्याला परीक्षकाचे डोळे ओले होतात, हे मी ज्या शब्दांत त्यांच्यासाठी लिहिलं त्याच शब्दांत माझ्यासाठीही लिहिलं. माझ्याकडे दुसरे शब्दच नाहीत, दादा. सगळे वापरून झाले होते.

उत्तर द्यायला एकतीस जानेवारीपर्यंत मुदत आहे. नाही दिलं तर तीन वर्षं बंदी, म्हणजे माझ्यापुरती कायमचीच. नोटिशीत सुटकेचे दोन मार्ग दिले आहेत. सगळ्यात जास्त मजकूर ज्याच्या अर्जाशी जुळला, त्या मूळ लेखकाने एक तर लिहून द्यावं की मजकूर वस्तुतः अर्जदाराचाच आहे. किंवा लिहून द्यावं की चोरी झाली, पण आपली हरकत नाही. पहिल्याने डाग धुऊन निघतो. दुसऱ्याने डाग राहतो, पण अर्ज विचारात घेतला जातो.

मी आधी शेखर सरांकडे गेले. ते प्रकोष्ठाचे प्रमुख, नागपूरचेच. म्हटलं, सर, एकतीसही अर्ज मी लिहिले एवढं प्रमाणपत्र द्या. ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, “चित्रा मॅडम, असं लिहून दिलं तर एकतीस घरं उठतील ना! तुमचं एक घर वाचवाले मी एकतीस कशी पाडू?” मी म्हटलं, मग निदान नकार तरी लेखी द्या. ते म्हणाले, “हव, देतो ना. तुम्ही ड्राफ्ट बनवून आणा, मी सही करतो.” म्हणून मला नकार देणारं पत्र मीच लिहिलं. वाचून ते खूश झाले. म्हणाले, “किती सोज्वळ लिहिता हो तुम्ही, वाईटच वाटत नाही!”

मग वाटलं, अकरांपैकी एकाने जरी खरं सांगितलं तरी उरलेल्यांचा विचार होईल. म्हणून आमच्याच गल्लीत राहणाऱ्या, समाजशास्त्रातून निवृत्त झालेल्या श्यामकांत सरांकडे गेले. माणूस फार चांगला. त्यांच्या बाईंनी गरम मुंगोडी, म्हणजे इकडची मुगाची भजी, पुढे ठेवली. मी आठवण दिली की सर, २०१७ चा तो अर्ज मी लिहिला होता. सर हसले. “नाही वं बेटा, तू टाइप केला असशील. तो तर मी लिहिला, रात्रंदिवस बसून.” आणि त्यांनी डोळे मिटून माझा अख्खा पहिला परिच्छेद मला तोंडपाठ म्हणून दाखवला. शेवटच्या वाक्याला त्यांनी स्वतःच डोळे पुसले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच तसं आठवत होतं. मी मुंगोडी संपवली, छान झालीय म्हणाले, आणि घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले. (नळाला पाणी नव्हतं, त्यामुळे आईला सगळं ऐकू आलं. “काहून रडून राहिली वं?” म्हणाली. मी म्हटलं, कंबर. तेव्हापासून ती सकाळ-संध्याकाळ तेल लावते. कंबर मात्र खरंच धरली आहे, हे वरही लिहिलंच आहे.)

तर अशी हकीकत. रडगाणं गायचा हेतू नव्हता, पण खुशाली कळवायची म्हटलं की एवढीच उरली. वहिनींना माझा नमस्कार सांगावा, गुडघ्याला शेक घ्यायला सांगावं. अभिनवला आशीर्वाद, आणि त्याने इतिहास घेतला नाही याबद्दल आईकडून आणि माझ्याकडून वेगळा आशीर्वाद. नागपूरच्या संत्र्यांची पेटी पाठवू नये, गेल्या वेळची अर्धी ट्रान्सपोर्टवाल्यांनीच खाल्ली.

तुमची धाकटी बहीण,
चित्रा

ता. क. – वर एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली म्हणजे राहू दिली. संस्थेने मूळ लेखकांची नावं गुप्त ठेवली आहेत, पण ज्याच्या अर्जाशी माझा सगळ्यात जास्त, म्हणजे एक्केचाळीस टक्के, मजकूर जुळला तो अर्ज सहा वर्षांपूर्वीचा आहे आणि तुमचा आहे. दिल्लीला अर्ज हिंदीत पाठवायचा म्हणून तुम्ही फोन केला होतात, “तुझं हिंदी चांगलं आहे, विषयही तूच सुचव.” मी माझाच विषय दिला. तेव्हा वाटलं, विषय घरातच राहील. त्यात मी आईने तुमच्या आईला, प्रेमलामावशीला, लिहिलेलं पहिलं पत्र घातलं होतं. लग्नानंतर महिन्याभरातलं, ‘इथं दिवसभर सगळे हिंदी बोलतात, माझं मराठी आतल्या आत वाळून जाईल म्हणून तुला लिहिते, उत्तर नाही दिलंस तरी मी लिहीत राहीन’ असं. तुमच्या अर्जात ती तुमची मावशी होती. माझ्या अर्जात ती माझी आई आहे. समितीने यावर खास शेरा मारला आहे, की चोरी लपवण्याच्या हेतूने अर्जदाराने मूळ लेखकाच्या मावशीची स्वतःची आई केली आहे. हे वाचून मी हसले, दादा. बराच वेळ हसत होते. मग मला तुमचा भयंकर राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. तो तसाच ठेवून हे पत्र लिहिते आहे.

ता. क. २ – सोबत दोन कागद आहेत. तुम्हाला वेळ नसतो म्हणून दोन्ही मीच लिहून ठेवले आहेत, सही तेवढी करायची. पहिल्यात तुम्ही म्हणता की सहा वर्षांपूर्वीचा अर्ज चित्राने लिहिला होता. त्याने तुमचं काय होईल हे मला कळतं. विभागप्रमुखाचं काय होतं हे आमच्या प्रकोष्ठात सगळ्यांनाच कळतं. दुसऱ्यात तुम्ही म्हणता की धाकट्या बहिणीने अजाणतेपणी तुमचा मजकूर उचलला, तुम्ही मोठ्या मनाने तिला माफ केलं आहे, आणि तुमची काही हरकत नाही. कोणत्याही एकावर सही करून एकतीस तारखेच्या आत पोचेल असं पाठवा. पहिल्यावर केलीत तर जन्मभर उपकार मानेन. दुसऱ्यावर केलीत तरी माझा अर्ज वाचेल, आणि मी काही बोलणार नाही. दुसरा कागद जास्त चांगला उतरला आहे. त्यात आईचा उल्लेख येतो तिथे मी ‘माझी मावशी’ असंच लिहिलं आहे. ते लिहीत होते तेव्हा ती समोर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने विचारलं, “काय लिहून राहिली?” मी म्हटलं, दादाचं काम आहे. ती म्हणाली, “मंग चांगलं लिहिजो वं.”